ब्राझिलियन पद्धतीचा फडफडीत पांढरा भात: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

ब्राझीलमधल्या कांपिनास शहरात राहायला आले तेव्हा पहिले दोन महिने मी रात्री घरी आपल्या पद्धतीनं भात लावायचे आणि दुपारी ऑफिसजवळच्या खानावळीत इथला भात खायचे. वजनावर जेवण मिळणारी साधी खानावळ. तांदूळ दोन्हीकडे एकाच जातीचा. पण तिथल्या भाताचं शीत न् शीत सुटं, मीठ बेताचं, लसणाचा वास अगदी मागून येणारा. सोबत काही नसलं तरी चार घास सहज जायचे. त्याच तांदळाचा माझा भात मात्र गुळमुळीत आणि बेचव व्हायचा. पाणी कमी करून पाहिलं, तांदूळ भिजवून पाहिला, कुकर सोडून पातेलं घेतलं. फरक पडेना. शेवटी आमच्याच मजल्यावर राहणाऱ्या आजींना विचारलं. त्यांनी मला शेगडीपाशी उभं केलं, सगळं करून दाखवलं आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडून करून घेतलं.

तेव्हा लक्षात आलं की आपल्याला भात येतो हीच यातली पहिली अडचण. आपला हात सवयीनं चालतो आणि या भातात नेमक्या त्या सवयी आड येतात. आपण तांदूळ थेट शिजवायला टाकतो, इथे तो आधी तेलात परततात. आपला भात वरण, आमटी, ताक यांच्या भरवशावर अळणी राहतो, इथे मीठ शिजतानाच आत जातं. मऊ, आसट भात आपल्याला आजारपणात आणि लहानपणी हवासा वाटतो. ब्राझीलमध्ये भाताला एकच मोठी शाबासकी आहे: सोल्चिन्यू, म्हणजे सुटासुटा. मराठीत याला ‘फडफडीत’ हा नेमका शब्द आहे. आपण तो थोड्या नाराजीनं वापरतो, इथे ते कौतुक समजा.

हा फोडणीचा भात नाही आणि पुलावही नाही. मोहरी, जिरं, हळद, खडा मसाला यांतलं काहीही यात येत नाही. रंग पांढराच राहायला हवा.

काय काय लागेल

तीन-चार जणांना तोंडीलावणं म्हणून पुरेल एवढं प्रमाण देते. मापाला कोणताही कप किंवा वाटी घ्या, फक्त तांदूळ आणि पाणी दोन्हींसाठी तीच वापरा.

- तांदूळ १ कप
- पाणी २ कप, उकळतं
- तेल दीड ते दोन मोठे चमचे, वास नसलेलं
- लसणाच्या २ मोठ्या पाकळ्या
- कांदा पाव, अगदी बारीक चिरून
- मीठ १ लहान चमचा, सपाट
- जाड बुडाचं पातेलं आणि त्यावर बसणारं झाकण
- पाणी उकळायला दुसरं भांडं किंवा किटली
- बारीक भोकांची चाळणी, खलबत्ता, लाकडी चमचा, खायचा काटा

पातेल्याबद्दल एक शब्द. उंच आणि अरुंद भांडं घेतलं तर खाली लगदा आणि वर कणी अशी गत होते. पसरट, दोनेक लिटरचं भांडं एका कपाला छान. इथल्या घरांत जाड ओतीव ॲल्युमिनियमची पातेली असतात. आपल्याकडची स्टीलची जाड बुडाची कढई किंवा पातेलं तितकंच चालतं. पातळ बुडाचं नको, लसूण डोळ्यादेखत करपतो.

कुकर कपाटात ठेवा. ब्राझीलच्या घराघरांत कुकर असतो, पण तो घेवड्यासाठी, म्हणजे घेवड्याच्या सुक्या दाण्यांसाठी. भात साध्या पातेल्यातच होतो.

१. तांदूळ निवडा (निम्मं काम इथेच होतं)

तुम्ही ब्राझीलमध्ये असाल तर दुकानात ‘अगुलिन्या’ लिहिलेली पिशवी शोधा. अगुल्या म्हणजे सुई आणि अगुलिन्या म्हणजे छोटी सुई, अर्थात लांब बारीक दाणा. पिशवीवर ‘तिपू १’ असंही छापलेलं असतं. तो प्रतीचा क्रमांक आहे, एक म्हणजे तुकडा आणि खराब दाणा सगळ्यात कमी. आकडा वाढला की कणी वाढते आणि कणी आली की भात चिकटणारच. म्हणून इथे पैसे वाचवू नका. पाच किलोची पिशवी हे इथलं घरगुती माप आहे, पण पहिल्यांदा एक किलोच आणा.

शेल्फवर शेजारीच तीन पिशव्या अशा असतात ज्या नवख्या माणसाला फसवतात. एक, पिवळसर झाक असलेला ‘पारबोइलिझादू’. हा आपला उकडा. कोकणातल्या, गोव्यातल्या लोकांना हात लावताच कळेल, फक्त इथला दाणा लांब असतो आणि लाल नसतो. तो जवळजवळ कधीच चिकटत नाही, त्यामुळे बरेच जण तोच वापरतात, पण त्याला अडीच कपांपर्यंत पाणी आणि जास्त वेळ लागतो. दोन, ‘इंतेग्राल’, म्हणजे बिनसडीचा. तो या लेखातला तांदूळ नाही. तीन, ‘जापोनेस’: आखूड आणि चिकट दाण्याचा. साओ पाउलो राज्यात जपानी वंशाची वस्ती मोठी असल्यानं तो सगळीकडे मिळतो, पण यासाठी अजिबात घेऊ नका.

महाराष्ट्रात बसून करत असाल तर जुना कोलम घ्या. दाणा अगुलिन्यापेक्षा लहान असतो, पण मोकळा शिजतो आणि स्वतःचा वास मध्ये आणत नाही. परिमल मिळाला तर दिसायलाही जवळचा. इंद्रायणी आणि आंबेमोहोर मला जीव की प्राण आहेत, पण इथे चालत नाहीत. दोन्ही शिजल्यावर मऊ आणि चिकट होतात आणि लसणासमोर आंबेमोहोराच्या वासाची माती होते. बासमती मोकळा होतो खरा, तरी त्याचा वास सगळ्यावर चढतो आणि भात पुलावासारखा लागतो. तांदूळ कोणताही असो, जुना हवा. नवा तांदूळ पाणी कमी पितो आणि गिच्च होतो, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

हे सगळं पिष्टामुळे होतं. तांदळाच्या पिष्टात ॲमिलोज नावाचा घटक जितका जास्त, तितका शिजलेला दाणा सुटा. लांब दाण्याच्या जातींत तो सहसा जास्त असतो, चिकट जातींत कमी. चुकीचा तांदूळ घेतला तर पुढची एकही युक्ती तो भरून काढू शकत नाही.

२. धुवा आणि मनापासून निथळा

दोन-तीन पाण्यांत हलक्या हातानं धुवा. पाणी आरशासारखं स्वच्छ होईपर्यंत धुवत बसायची गरज नाही. भिजवू नका. भिजलेला दाणा परतताना तुटतो.

मग चाळणीत ओता आणि दहा-पंधरा मिनिटं विसरून जा. ही पायरी मी सुरुवातीला घाईनं करायचे आणि नेमका तिथेच भात बिघडायचा. ओला तांदूळ तेलात गेला की परतला जात नाही, तेलात उकडतो. शिवाय तेल अंगावर उडतं.

ब्राझीलच्या स्वयंपाकघरात यासाठी खास भांडं असतं: एका बाजूला बारीक भोकं असलेला वाडगा. त्यातच तांदूळ धुवायचा आणि तसाच तिरपा करून निथळायचा. तांदळाचे दाणे मोरीत जाऊन तुंबतात म्हणून एका ब्राझिलियन बाईंनीच ते १९५० च्या दशकाच्या अखेरीस शोधून काढलं. त्या व्यवसायानं दंतवैद्य होत्या. आज ते प्लॅस्टिकमध्ये अगदी स्वस्तात मिळतं. इथे राहणार असाल तर पहिल्याच आठवड्यात घेऊन टाका.

३. बाजूला आधण ठेवा

तांदूळ निथळतोय तोवर दोन कप पाणी उकळायला ठेवा. परतलेल्या तांदळावर गार पाणी पडलं तर पातेलं थंड होतं, उकळी यायला वेळ जातो आणि तेवढा वेळ दाणे कोमट पाण्यात बसून बाहेरून फुगतात, आतून कच्चे राहतात. आधणाचं पाणी ओतलं की शिजणं त्याच क्षणी सुरू होतं. थोडं जास्तच उकळा, वाफेत जातं आणि शेवटी दुरुस्तीलाही उपयोगी पडतं.

४. लसूण आणि मीठ एकत्र कुटा

लसूण खलबत्त्यात मिठासकट कुटा. मिठाच्या खरखरीतपणानं लसूण पटकन बारीक होतो. इथल्या बऱ्याच घरांत असा लसूण-मिठाचा गोळा कुटून बरणीत भरून ठेवतात आणि भात, घेवडा, मांस, सगळ्याला तोच लावतात. रोजचा भात करायचा असेल तर ही सवय सोयीची आहे. बरणी फ्रीजमध्येच ठेवा.

कांदा घालायचा की नाही यावर घरोघरी वेगळं मत. कुणी फक्त लसूण घालतं, कुणी फक्त कांदा. आमच्या आजी दोन्ही घालतात. मीही घालते, पण कांदा इतका बारीक चिरते की शिजल्यावर तो डोळ्यांना दिसू नये.

पातेल्यात तेल मध्यम आचेवर तापवा. आधी कांदा. तो पारदर्शक झाला की मगच लसूण. लसणाला अर्धा मिनिट पुरे. कडेनं जरा सोनेरी दिसायला लागला की पुढची पायरी. तपकिरी झाला तर भात कडू होणार, तेव्हा तेल-लसूण टाकून द्या आणि नव्यानं सुरू करा. दोन पाकळ्यांसाठी अख्खा भात घालवू नका.

तेलाबद्दल: इथे सर्रास सोयाबीनचं वापरतात. आपल्याकडे सूर्यफुलाचं किंवा रिफाइंड कोणतंही चालेल. घाण्याचं शेंगदाणा तेल चवीला उत्तम, पण या भातात ते बोलतं.

५. तांदूळ परता: याला हेफोगार म्हणतात

पोर्तुगीजमधला हा शब्द लक्षात ठेवा. भात, घेवडा, पालेभाज्या, सगळ्यांच्या सुरुवातीला येतो. तेलात कांदा-लसणाबरोबर परतणं एवढाच अर्थ.

निथळलेला तांदूळ पातेल्यात घाला आणि लाकडी चमच्यानं तळापासून हलवत राहा. आधी तो ओलसर, जड वाटेल आणि चमच्याला चिकटेल. दोनेक मिनिटांनी आवाज बदलतो. दाणे पातेल्यावर कोरड्या वाळूसारखे सरसरायला लागतात आणि एकमेकांपासून सुटतात. प्रत्येक दाण्यावर तेलाची चमक दिसते. भाजल्याचा हलका वास आला की थांबा. एकूण तीन मिनिटांच्या आसपास. रंग बदलू द्यायचा नाही.

इथे घाई करू नका. तेलाचा पातळ थर बसल्यानं दाण्यांच्या बाहेरचं पिष्ट एकमेकांना धरत नाही, आणि लसणाची चव भातभर पसरते ती याच वेळी. माझ्या भातात जे कमी पडत होतं ते हे होतं.

६. आधण ओता आणि चव घ्या

हात लांब ठेवून उकळतं पाणी ओता. वाफ जोरात उसळते, लहान मुलं जवळ नकोत. एकदा, फक्त एकदा, तळापासून ढवळा. चमच्यानं पाणी चाखून बघा. सारासारखं, किंचित जास्त खारट लागलं पाहिजे. भात झाल्यावर ते बरोबर येतं. कमी वाटलं तर आत्ताच मीठ घाला. शिजल्यावर वरून भुरभुरलेलं मीठ आत जात नाही.

यानंतर चमचा बाजूला ठेवा. ढवळलं की दाणे घासले जातात, पिष्ट सुटतं आणि भात चिकटतो. हात शिवशिवतात हे मला माहीत आहे, तरी नाही.

प्रमाण वाढवताना एक मोठी चूक होते. एका कपाला दोन म्हणून तीन कपांना सहा कप पाणी घालू नका. वाफेनं जाणारं पाणी तांदळाच्या हिशेबानं वाढत नाही. तीन कप तांदळाला साडेपाच कपांपासून सुरुवात करा, लागलं तर आधण हाताशी आहेच.

७. आधी मोठी आच, मग मंद

उघड्या पातेल्यात मोठ्या आचेवर उकळू द्या. पाणी तांदळाच्या पातळीला आलं आणि वर बुडबुडे दिसायला लागले की आच अगदी मंद करा. झाकण ठेवा, पण एका बाजूनं बोटभर फट ठेवा.

आता भाताच्या वरच्या भागावर छोटी छोटी भोकं पडतील. वाफ त्यातून वर येते. इथले लोक त्या भोकांकडे बघूनच भात ओळखतात, घड्याळ कुणी लावत नाही. तुम्ही मात्र पहिल्या काही वेळा लावा: आच मंद केल्यापासून दहा-बारा मिनिटं. मग काट्यानं मधला भात अलगद बाजूला सारा आणि तळ बघा. पाणी दिसलं तर आणखी दोन मिनिटं. तळ कोरडा दिसला आणि हलकी चरचर ऐकू आली की लगेच बंद करा.

८. वाफ मुरू द्या

आता झाकण पूर्ण लावा. दहा मिनिटं पातेलं उघडायचं नाही. तळाशी राहिलेली वाफ वरच्या दाण्यांत शिरते आणि सगळा भात सारखा होतो. जेवायची वेळ झाली म्हणून ही दहा मिनिटं कापलीत तर खालचा ओला आणि वरचा टणक असे दोन भात ताटात येतील.

मग काट्यानं, कडेकडून आत येत, भात मोकळा करा. चमच्यानं नको, चमचा शितं दाबतो.

बिघडलाच तर

पाणी संपलं आणि भात कणीदार राहिला: पाव कप उकळतं पाणी कडेनं शिंपडा, झाकण लावून मंद आचेवर तीन मिनिटं. सहसा सुधारतो.

भात झाला पण पाणी उरलं: झाकण काढा, मंद आच, ढवळणं नाही. तरी ओलाच वाटला तर परातीत पसरून वाफ जाऊ द्या.

तळ लागला: खरवडू नका. वरचा भात अलगद दुसऱ्या भांड्यात काढून घ्या. तळ हलवलात तर करपल्याचा वास सगळ्या भाताला लागतो.

गोळा झाला: त्या दिवशी तो फडफडीत होणार नाही. दहीभात करा आणि पुढच्या वेळी तांदूळ बदला किंवा निथळायला जास्त वेळ द्या.

शाकाहारी असाल तर हे वाचाच

घरी केलेला भात शुद्ध शाकाहारी असतो, पण बाहेर गृहीत धरू नका. काही ठिकाणी चवीसाठी कोंबडीच्या अर्काची वडी घालतात. मिनास जेराइस राज्याच्या पारंपरिक स्वयंपाकात डुकराची चरबी वापरतात. घेवड्यात तर डुकराच्या मांसाचे तुकडे अगदी नेहमीचे. ‘मांस आहे का?’ एवढं विचारून भागत नाही, कारण अर्क आणि चरबी पुष्कळांच्या लेखी मांसात मोडत नाहीत. ‘फक्त तेल, लसूण आणि मीठ आहे ना?’ असं विचारा.

याच्याबरोबर काय

घेवडा, दुसरं काय. आपल्याकडे वरण-भात तसा इथे भात-घेवडा, अहोज इ फेजांव, रोज दुपारी. तृणधान्यात जे प्रथिनघटक कमी असतात ते कडधान्यात मिळतात, ही आपल्या वरण-भाताची हुशारी इथेही आहे. ही जोडी इतकी अतूट आहे की सरकारी कृषी संशोधन संस्था एम्ब्रापाचं गोयास राज्यातलं एक अख्खं केंद्र ‘तांदूळ आणि घेवडा’ याच नावानं चालतं. देशाचा बहुतेक तांदूळ दक्षिणेतल्या रिओ ग्रांदे दो सुल या एकाच राज्यात पिकतो. मे २०२४ मध्ये तिथे महापूर आला तेव्हा कापणी बहुतांश उरकली होती, तरीही दूरदूरच्या शहरांत तांदूळ महागणार, संपणार ही काळजी लोकांच्या तोंडी होती. भात म्हणजे इथे काय, हे मला त्या दिवसांत कळलं.

साओ पाउलोकडे तपकिरी रेघांचा ‘कारियोका’ घेवडा खातात, रिओ दि जानेरोमध्ये काळा. कारियोका म्हणजे खरं तर रिओचा रहिवासी, पण रिओवाले काळ्यावरच ठाम. महाराष्ट्रात करणार असाल तर कोरेगावचा वाघ्या घेवडा आणा. वनस्पती तीच, अंगावरच्या रेघाही तशाच. भिजवून कुकरमध्ये तमालपत्र घालून शिजवा, मग वेगळ्या भांड्यात कांदा-लसूण परता, डावभर घेवडा त्यात ठेचा आणि बाकीचा रस्सा ओता. घट्टसर होतो. ताटात घेवडा भातावर वाढायचा की शेजारी, यावर इथली घरं जोरजोरात वाद घालतात. मी शेजारी वाढते, कारण एवढ्या मेहनतीनं सुटा केलेला भात निदान पहिले दोन घास तसाच खावा असं मला वाटतं.

बाकी तळलेलं अंडं, टोमॅटो-कांद्याची व्हिनेगर घातलेली कोशिंबीर, कसावा या कंदाचं भाजलेलं पीठ म्हणजे फारोफा, आणि बटाटा. बाजारात ‘बताता’ म्हणा, तोच मिळेल, आपला शब्द पोर्तुगीजांकडूनच आलाय. ‘कोव्ही’ मागताना मात्र सांभाळा. आपला कोबी त्याच शब्दावरून आला, पण इथे कोव्ही म्हणजे मोठी हिरवी सुटी पानं. गड्ड्याच्या कोबीला ‘हेपोल्यू’ म्हणतात. पानं आणलीत तर वाया जाणार नाहीत: केसासारखी बारीक चिरून लसणावर दोन मिनिटं परता, या भाताबरोबर अप्रतिम लागतात.

उरलेला भात

गार झाला की लगेच फ्रीजमध्ये, दोन तासांपेक्षा जास्त बाहेर नको. शिजलेल्या भातात जंतू लवकर वाढतात आणि पुन्हा गरम केल्यानं त्यांचं विष जात नाही. दुसऱ्या दिवशी गरम करताना चमचाभर पाणी शिंपडून झाकण ठेवा, पुन्हा सुटा होतो.

दोन वाट्या उरला असेल तर बोलिन्यू करा, म्हणजे भाताचे वडे. भात हातानं जरा कुस्करा, त्यात एक अंडं, दोन-तीन चमचे मैदा, बारीक चिरलेली कांद्याची पात, कोथिंबीर आणि किसलेलं चीज घाला. अंडं नको असेल तर उकडलेला बटाटा कुस्करून घाला. मिश्रण चमच्यावरून सहज घसरत असेल तर अजून चमचाभर मैदा लागेल. दोन चमच्यांनी लांबट आकार द्या, मध्यम तापलेल्या तेलात सोडा आणि बाहेरून खरपूस सोनेरी झाले की काढा. लिंबू पिळून, गरम असतानाच वाढा.